दुप्पट म्हणजे किती बोटं?

मी एक बोट दाखवायच्या जागी दोन दाखवली. एवढीच चूक.

त्या दुपारी पणाला लागलं होतं नागपूर. माझी थोरली बहीण तिथे असते. गुडघ्यांमुळे तिचा प्रवास बंद, आणि भाचीला तिने शेवटचं पाहिलं ते दुधाचे दात पडत असताना. इथे अमेरिकेतच जन्मलेली आमची मुलगी डिसेंबरात तिकडे यायला राजी नव्हती. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात कुठल्या पानांवर काय करायचं, त्याचा तक्ता मी पाठ करतोय हे बघून तिनेच पैज लावली. "बाबा, वन अवर. चार्टप्रमाणे खेळायचं. हरलास, जिंकलास, डझन्ट मॅटर. एकही मिस्टेक नाही झाली तर मी नागपूरला येते."

तक्ता मी पाढ्यांच्या चालीवर बसवला. "नवावर दुर्री, नुसतं पान, नवावर तिर्री, दुप्पट छान" असं आंघोळ करताना गायचो. बायको दारावर थापा मारायची, "अहो, शेजारचे पोलीस बोलावतील!"

शनिवारी आम्ही तिघं चँडलरच्या घरून कॅसिनोत गेलो. मी टेबलाशी, तक्ता धरून मुलगी माझ्या मागे. मला नऊ आले, पानं वाटणाऱ्या डीलरबाईंची दुर्री. अगदी काठावरचा प्रश्न: लावलेले पैसे दुप्पट करून एकच पान घ्यावं, की पैसे तेवढेच ठेवून पान मागावं? मी गुणगुणलो आणि नुसतं पान मागितलं. मागून आवाज आला, "करेक्ट."

मग सहा-पाच अकरा, समोर एक्का. यात भले भले अडतात, कारण उत्तर टेबलागणिक बदलतं. मी कापडावर छापलेला नियम वाचला आणि दुप्पट केलं. चिपशेजारी चिप ठेवली. दुप्पट म्हणजे दोन, म्हणून दोन बोटं दाखवली. बाई हसल्या, "डबल?" मी रुबाबात मान हलवली.

शेवटची पाच मिनिटं उरली. मला दोन पंज्या, समोर छक्की. पंज्या फोडून त्यांचे दोन डाव कधीच करायचे नाहीत; दहा समजायचे आणि दुप्पट. यात काठ वगैरे काही नाही, बालवाडीचं गणित. चिप ठेवली, दोन बोटं.

बाईंनी माझ्या पंज्या एकमेकींपासून लांब सरकवल्या.

"नो, नो! डबल!" माझा आवाज चिरकला. तोवर पहिल्या पंजीवर दश्शी पडली होती.

"सर, दोन बोटं म्हणजे स्प्लिट. डबलला एक. कॅमेऱ्याला हात दिसतात, मनातलं नाही."

"पण मघाशी..."

"मघाशी जोडी नव्हती, म्हणून मी विचारलं."

दोन्ही डाव गेले म्हणे. मी पाहिलेच नाहीत. मी मुलीकडे बघत होतो. ती चिडवेल असं वाटलं होतं, पण ती हसलीसुद्धा नाही. तिच्या फोनवर नागपूरच्या तिकिटांचं पान उघडं होतं. हा धक्का पंज्यांपेक्षा मोठा होता.

"आय थॉट यू हॅड इट," असं म्हणून तिने ते पान बंद केलं. "डील इज डील, बाबा."

पार्किंगमध्ये मी हात खिशात घालून चालत होतो. "ताईला आता काय सांगू?"

"झालं ते सांगा," बायको म्हणाली. "आणि साधा फोन करा, व्हिडिओ नको. परत बोटं दाखवाल."