काखेतली गाठ

आईच्या मानेवर गाठ आली तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. थोरले काका आमच्या डिलाईल रोडच्या चाळीचे पुढारी. मोर्चात न्यायासाठी घसा फोडायचे, घरी मात्र आईशी थेट बोलायचेसुद्धा नाहीत. जे सांगायचं ते बाबांना.

आई गिरणीत कामाला. परळच्या इस्पितळात तिला किरणांचा उपचार सुरू झाला. चाळीत त्याला ‘शेक’ म्हणत. शेक फक्त मानेला. कातडी करपली, घास गिळवेना. काखेतही एक गाठ होती, पण तिचं नंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. मानेची गाठ ओसरू लागली आणि पाठोपाठ काखेतलीही. आईनं माझा हात धरून काखेत ठेवला. “बघ गो, लागता काय हाताक?”

काहीच लागलं नाही.

डॉक्टर म्हणाले, “क्वचित होतं असं. का होतं, मला ठाऊक नाही. पण उपचार अर्धा सोडू नका.”

काकांना मात्र सगळं ठाऊक होतं. त्यांनी गावाहून अंगारा आणला होता. “अंगाऱ्यानं गेली गाठ. शेकानं बाई नुसती भाजली. तिला सांग, उद्यापासून इस्पितळ बंद.”

बाबा खाली मान घालून बसले. त्याचा राग मला आजही येतो.

आई आतून म्हणाली, “भावोजी, अंगारा मी लावलाच नाही. पुडी तशीच आहे.”

“घरात होता ना? तेवढा पुरे,” काका बाबांकडेच बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका मोर्चाच्या पुढे, आणि आम्ही दोघी कडेकडेनं इस्पितळाकडे. त्यांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. आईनं उपचार पुरा केला, पुन्हा गिरणीत गेली, माझी मुलंही तिनं खेळवली.

कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं: किरणांनी गाठीतल्या कॅन्सरच्या पेशी मरतात, तेव्हा कधीकधी शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोगाची ओळख पटते आणि ती दुसरीकडची गाठही शोधून मारते. म्हणजे आईचंच अंग लढलं होतं. आणि श्रेय मात्र अंगाऱ्यानं लाटलं होतं, याचा मला संताप आला.

काकांच्या शोकसभेत कुणीतरी अंगाऱ्याची तीच गोष्ट काढली. मी उभी राहिले. “खोटं आहे,” म्हटलं. आई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं मला खाली ओढलं नाही.