म्हशीच्या उजवीकडून

दवाखान्यातल्या एक्स-रेच्या खोलीत तिने एकतीस वर्षं काढली आणि एकतीस वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगितली. श्वास घ्या, धरा, हलू नका. आवाज असा खणखणीत की हाडांचे डॉक्टर दारावरून जात असले तरी क्षणभर जागच्या जागी थबकायचे आणि मग स्वतःवरच चिडून पुढे जायचे. दवाखान्यात तिला सगळे एक्स-रेवाल्या बाई म्हणत. सायकलवाल्यांच्या जगात ती मावशी होती, आणि या शब्दाचा तिला मनापासून राग होता.

सायकल खरं तर लेकीची. जाड टायरची, गिअरची, डोंगरात चालवायची. लेक नोकरीसाठी दूर गेली आणि सायकल गॅलरीत उरली. वर्षभर तिच्या हँडलवर ओले टॉवेल वाळत होते. एका रविवारी बाईंनी टॉवेल काढून घडी घातली, सीट चार बोटं खाली घेतली आणि सायकल जिन्यावरून खाली उतरवली. तेव्हा त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. नवरा वाचनालयात ग्रंथपाल, कमी बोलणारा माणूस. त्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं, "कुठे निघालीस?" त्या म्हणाल्या, "बघते कुठपर्यंत जाते ते." तो प्रश्न आणि ते उत्तर पुढे सात वर्षं दर रविवारी त्याच शब्दांत होत राहिलं.

कॅमेऱ्याचा नाद मात्र सायकलीच्याही आधीचा. गावाबाहेरच्या टेकडीवर दरवर्षी डोंगरी सायकलींची मोठी शर्यत व्हायची आणि बाई तिथे आदल्या रात्रीचा डबा बांधून सकाळीच हजर. बाकीचे फोटोवाले पहिल्या तिघांचे फोटो काढायचे आणि चहाला पळायचे. बाई शेवटचा माणूस खाली येईपर्यंत चिखलात पालथ्या पडून राहायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "रांगेत शेवटचा आहे म्हणून कुणाचा हात कमी मोडलेला नसतो." दोन दिवसांत प्रत्येकाला त्याचा फोटो पोचायचा, फुकट. पुढे त्या स्वतः शर्यतीत उतरल्या तेव्हाही हे व्रत सुटलं नाही. सकाळी पन्नाशीच्या आतबाहेरच्या बायकांच्या गटात सायकल मारायची आणि दुपारी पुरुषांच्या गटाचे फोटो काढायचे. क्लबचं कॅलेंडर, क्लबचे फलक, क्लबची मिरवामिरव, सगळी बाईंच्या कॅमेऱ्यावर चालायची. त्यांचा स्वतःचा फोटो मात्र एकही नव्हता. असणार कसा? काढणारी बाई सायकलवर होती.

आता म्हशीबद्दल सांगायला हवं. शर्यतीच्या वाटेवर, उताराच्या ऐन मध्यावर, एक काळा खडक आडवा पडलेला आहे. कितीही हाकला तरी हलणार नाही असा, म्हणून त्याला सगळे म्हैस म्हणतात. म्हशीवरून सायकल घातली की वाट सरळ. धीर नसेल त्याच्यासाठी झाडीतून एक बगलवाट आहे, पण तिथे दर फेरीला दीड मिनिट जातं. बाई सहा वर्षं मुकाट्याने बगलवाटेने गेल्या. सातव्या वर्षी त्यांनी डोक्यात घेतलं की म्हैस ओलांडायचीच.

त्यांनी तयारी केली ती त्यांच्या पद्धतीने. म्हशीच्या खाली बसून काढलेले चाळीसएक फोटो संगणकावर लावले आणि महिनाभर ते एक्स-रेसारखे वाचले. सगळे तरबेज लोक खडकाच्या डाव्या अंगाने उतरताना दिसत होते, एकजात. बाईंनी गाठ मारून ठेवली, डावीकडून. शर्यतीच्या दिवशी त्या वर आल्या आणि सायकल डावीकडे घातली. तिकडे एक जाड मूळ होतं आणि मुळाच्या पुढे घळ. त्यांनी घाबरून ब्रेक दाबला. पुढचं त्यांना आठवलं ते थेट आपल्याच दवाखान्यात, आपल्याच टेबलावर.

एक्स-रे काढणारीच टेबलावर, म्हणून दवाखान्यातल्या प्लास्टरवाल्याने त्यांचा एक्स-रे काढला. डावं कॉलरबोन, दोन तुकडे. जुन्या सवयीने त्याने फिल्म भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर लावली. आता सगळं संगणकावर दिसतं, तरी त्या खोलीतली ती पेटी काढायला बाईंनी कुणाला हात लावू दिला नव्हता. फिल्मवर डाव्या बाजूची खूण म्हणून शिशाचा छोटा 'एल' उमटला होता. बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. तसा तो असतोच, कारण फिल्ममधला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्याचं डावं ते आपलं उजवं. हे बाई दर नव्या शिकाऊ पोरीकडून पहिल्याच दिवशी घोकून घ्यायच्या. चुकलीस तर चांगला पाय कापला जाईल, म्हणायच्या.

बाई त्या 'एल'कडे बघत राहिल्या आणि एकदम हसायला लागल्या. हसताना हाड असं कळवळलं की डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं बाई?" प्लास्टरवाला घाबरला.

"अरे, फोटोत सगळे माझ्याकडे तोंड करून खाली येत होते," त्या म्हणाल्या. "त्यांची उजवी बाजू मी डावी समजले. एकतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतः खड्ड्यात गेले!"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. प्लास्टरवाल्याने ही गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या दवाखान्यात केली आणि त्याबद्दल बाईंनी त्याला कधीच माफ केलं नाही.

हाड जुळलं. पुढच्या शर्यतीला दोन महिने उरले तेव्हा क्लबचे सेक्रेटरी घरी आले. हा माणूस बाईंपेक्षा जेमतेम सात-आठ वर्षांनी लहान. सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाला, "मावशी, यंदा बायकांचा तो मोठ्या वयाचा गट बंद करतोय. नोंदणी नाही. आणि गेल्या वर्षी तुमचं ते असं झालं. तुम्ही आपलं फोटो काढा ना आरामात. खुर्ची देऊ, छत्री देऊ."

"तुमची मावशी मी, म्हणजे तुमच्या आईंचं वय काय धरू?" बाई म्हणाल्या. "गट बंद करा खुशाल. मला खुल्या गटात नंबर द्या."

"खुल्या गटात विशीच्या मुली आहेत, मावशी. चार फेऱ्या. दोन तास झाले की आम्ही दोर ओढतो. मागे राहिलेल्याला बाहेर काढतो, निकालात नावसुद्धा येत नाही."

"ठाऊक आहे. दोराचे फोटो मीच काढलेत."

"उगाच हट्ट."

"नंबर नाही तर फोटोही नाहीत," बाई म्हणाल्या. "एकही नाही. कॅलेंडरवर तुमच्या खुर्चीचा छापा."

सेक्रेटरींनी चहा तसाच ठेवला. दारात चपला घालता घालता त्यांनी सौदा केला. यंदा नंबर मिळेल. पण दोराच्या आत आल्या नाहीत तर पुढच्या वर्षीपासून सायकल बंद, फक्त कॅमेरा. बाई हो म्हणाल्या. आतल्या खोलीतून नवऱ्याने सगळं ऐकलं होतं.

"अगं, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?" तो म्हणाला.

"धोंडा आधीच वाटेत आहे," त्या म्हणाल्या. "मी फक्त त्याच्यावरून जाणार."

हिशेब सरळ होता. बगलवाटेने जाऊन चार फेऱ्यांची त्यांची आजवरची सगळ्यांत चांगली वेळ होती दोन तास चार मिनिटं. म्हैस चारदा ओलांडली तर सहा मिनिटं वाचत होती. म्हणजे म्हैस टाळून दोराच्या आत येणं शक्यच नव्हतं. त्यांना भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पहाटे जाग यायची आणि हात आपोआप डाव्या खांद्यावर जायचा. पण त्याहून मोठी भीती त्या खुर्चीची आणि छत्रीची होती. त्यांनी हँडलच्या उजव्या मुठीवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि त्यावर पेनने ठळक 'आर' लिहिला. येणाऱ्याजाणाऱ्याला हसायचं तर हसू दे.

शर्यतीच्या सकाळी नवरा बूट घालून तयार बसलेला दिसला. सात वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "कॅमेरा दे. आज तुझा फोटो मी काढतो."

बाईंना एकदम भरून आलं, म्हणून त्या त्याच्यावर जोरात खेकसल्या. "पट्टा गळ्यात घाला आधी! आणि सूर्य नेहमी पाठीशी ठेवा. समोरून ऊन आलं की फोटो गेलाच." मग त्याला घेऊन म्हशीपाशी गेल्या, खालच्या अंगाला घळीच्या पलीकडे एका दगडावर चिकटपट्टी लावली आणि बजावलं, "इथे बसायचं. मी पलीकडून, उजव्या बाजूने उतरणार. जागा सोडायची नाही." तो दगडावर बसला, वाचनालयात बसायचा तसाच.

शिट्टी झाली. मुली सुसाट गेल्या आणि पहिल्या वळणापर्यंत बाई एकट्या उरल्या. पहिल्या फेरीला म्हशीपाशी आल्यावर त्यांनी पांढऱ्या पट्टीकडे बघितलं, सायकल उजवीकडे घातली आणि ती खाली उतरली. इतकी सहज, की त्यांना बगलवाटेच्या सहा वर्षांचाच राग आला. दुसरी फेरी, तिसरी फेरी. पाय भरून आले, तोंडात धूळ, पाठीला रग. चौथ्या फेरीत चढ संपला तेव्हा घड्याळात एक तास बावन्न मिनिटं झाली होती. तिथून शेवटची कमान सात मिनिटांवर. हातात एकच मिनिट जास्तीचं.

इकडे नवऱ्याच्या बाजूला ऊन फिरलं होतं. सूर्य सरळ कॅमेऱ्यात येत होता. तीन फेऱ्यांत एकही फोटो धड आलेला नाही हे त्याला कळत होतं, आणि बायकोने काय सांगितलं होतं? सूर्य पाठीशी. जागा सोडायची नाही हेही सांगितलं होतं, पण ते त्याक्षणी त्याच्या डोक्यातून गेलं. तो आज्ञाधारक माणूस उठला, म्हशीला वळसा घालून पलीकडे गेला आणि सूर्य पाठीशी घेऊन उभा राहिला. म्हशीच्या उजवीकडे, बाईंच्या ऐन वाटेत.

बाई वर आल्या आणि त्यांना आपला नवरा दिसला. कॅमेरा छातीशी धरून तो उभा होता. सायकल थांबवून पायी उतरायचं तर दोर गेला. उजवीकडे नवरा. तो आता दचकून कुठे उडी मारणार हे देवालाही सांगता आलं नसतं.

"अहो, हलू नका!"

हा एक्स-रेच्या खोलीतला आवाज होता. नवरा जागच्या जागी खांब झाला. बाईंनी हँडल डावीकडे वळवलं. तेच मूळ, तीच घळ. मागच्या वेळी ब्रेक दाबला होता. या वेळी ब्रेक दाबायला सवड नव्हती आणि इच्छाही नव्हती. पुढचं चाक मुळावर चढलं, सायकल घळीवरून गेली आणि दोन्ही चाकं पलीकडच्या मातीवर धप्पकन पडली. बाई सायकलवरच होत्या. मागे न बघता त्या ओरडल्या, "घरी चला, मग बघते तुम्हाला!"

कमानीपाशी सेक्रेटरी दोराचं टोक हातात घेऊन उभे होते. एक तास अठ्ठावन्न मिनिटं चाळीस सेकंद. बाई शेवटच्या आल्या, पण दोराच्या आत. सेक्रेटरींनी हात जोडले. "मावशी, मानलं तुम्हाला!"

बाईंना श्वास पुरत नव्हता. त्यांनी हँडलवरच्या नंबरावर बोट ठेवलं. "मावशी नाही," त्या म्हणाल्या. "एकसष्ट. आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म आत्ताच द्या. खुल्या गटाचा."

घरी नवऱ्याचे फोटो उघडले. पहिला रिकाम्या म्हशीचा. दुसऱ्यात अर्धं चाक. तिसरा ग्रंथपालांच्या डाव्या बुटाचा. चौथा मात्र असा आला होता की बाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. हलू नका म्हटल्यावर तो माणूस खरोखर हलला नव्हता, बोट तेवढं दाबलं गेलं होतं. सायकल हवेत, खाली घळ, चेहऱ्यावर धूळ, तोंड सताड उघडं. स्पष्ट, कणभर अस्पष्ट नाही.

"सुंदर नाही आलीस," नवरा ओशाळून म्हणाला.

"बरोब्बर आलेय," त्या म्हणाल्या आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. रागवायचं होतं ते राहूनच गेलं.

सोमवारी दवाखान्यात त्यांनी दिव्याच्या पेटीवर आपला जुना एक्स-रे लावला आणि शेजारी तो फोटो. फोटोवर, आपल्या डाव्या खांद्याच्या बाजूला, शिशाचा 'एल' चिकटवला. पहिलीच पेशंट एक म्हाताऱ्या आजी होत्या, बाथरूममध्ये घसरून मनगट सुजलेल्या. टेबलावर हात ठेवता ठेवता त्यांचं लक्ष पेटीकडे गेलं.

"हे मोडलेलं कुणाचं?"

"माझं."

"आणि ही उडतेय ती कोण?"

"तीही मीच," बाई म्हणाल्या. "हाड मोडल्यानंतरची. आजी, श्वास घ्या. धरा. हलू नका."