डाल्याचा रामा रंग

आमच्या जुन्या पिकअपच्या डाल्याला कोणता रंग मारायचा, याचा मी जेवढा विचार केला तेवढा उभ्या आयुष्यात एखाद्या साडीचासुद्धा केला नाही. डाला म्हणजे गाडीचा मागचा उघडा भाग, जिथं माल भरतात. तिथं कोण बघतं, असं कोणीही म्हणेल. माझी लेकही तेच म्हणाली. पण मला तो रंग बघणारा एकच माणूस माहीत होता, आणि त्याला तो झोंबायला हवा होता. तो माणूस म्हणजे माझा दीर.

आधी गाडीचं सांगते. नरखेड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. झाडं पहिल्यांदा भरून लागली तेव्हा आमच्या यजमानांनी ही पिकअप घेतली. सगळ्यांच्या गाड्या पांढऱ्या, यांनी उचलली रामा रंगाची. रामा म्हणजे हिरवा म्हणावा तर हिरवा नाही, निळा म्हणावा तर निळा नाही. बायकांना बरोबर कळतो, पुरुषांना समजावून सांगावा लागतो. हे आणि दीर दोघं नागपूरहून गाडी घेऊन आले, तेव्हा दीर अख्ख्या रस्त्यानं डाल्यात उभा होता. पुढचा दांडा धरून, नवरदेवासारखा. मी चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, आणि हा डाल्यावर हात फिरवून म्हणाला, "वहिनी, या रंगात संत्रं काय दिसन वं बाप्पा!"

खरंच दिसायचं. तोडा झाल्यावर त्या डाल्यात संत्र्यांचा ढीग पडला, की रस्त्यानं जाणारी माणसं मान वळवून बघायची.

आमचे हे गेले आणि मी नागपूरला धरमपेठेत लेकीकडे राहायला आले. ती बँकेत आहे. बगीचा मी सोडला नाही, आठवड्याला फेरी असायची. एक दिवस दीर आला. "वहिनी, गाडी उभ्या उभ्या सडून राहिली. चार दिवस नेतो." नेली. ते चार दिवस दोन बहार उलटले तरी संपले नाहीत. त्याच्या घराच्या बांधकामाच्या विटा त्याच डाल्यातून आल्या, ओली रेती आली, फाटक्या पोत्यातलं खत आलं. खत आणि पाणी एकत्र पत्र्यावर पडलं की पत्रा कसा खातात, हे शेतावर राहणाऱ्या माणसाला सांगायला लागत नाही. त्यालाही माहीत होतं.

गाडी परत आणून दिली ती गावातल्या त्याच्याच ओसरीसमोर, चारचौघांत. डाल्याला आतून काळा रंग फासलेला. मी बोट लावलं, बोट काळं झालं. नखानं खरवडलं तर खाली गंजाचे पापुद्रे, आणि कोपऱ्यातल्या भोकातून सरळ जमीन दिसली. मी वर पाहिलं तर हा हसत होता.

"वहिनी, आता हे भंगारात द्या. आन् याच्यातच संत्रं न्याचं असन, त एकएक कागदात गुंडाळून न्या!"

ओसरीवरची माणसं हसली. एक म्हातारा तर खोकेपर्यंत हसला. मग सगळे गेल्यावर हा जवळ येऊन हळूच, अगदी मायेनं म्हणाला, "गाडी नाही त माल मंडीत नेसान कसा? बगीचा मायाकडे ठेक्यानं देऊन टाका. तुमी धरमपेठेत आरामात राहा."

ते भोक नुसत्या खतानं पडलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. त्याला गाडी नको होती, बगीचा हवा होता. मी एवढंच म्हटलं, "पाहतो, भाऊजी."

गाडी नागपूरला आणली. आधी वेल्डिंगवाल्याकडून डाल्याचा तळ कापून नवा पत्रा बसवला. मग पेन्टर शोधला. त्यानं सांगितलं, डाल्याला आता स्प्रेनं एक जाड कोटिंग मारतात, रबरासारखं, हाताला खरखरीत लागतं. ऊन, पाणी, खत, ओरखडा, कशालाच दाद देत नाही. ऐकूनच मला बरं वाटलं. काही माणसांसाठीही असं कोटिंग निघायला हवं होतं.

"अम्मा, काला मार लो. सब कालाच मारते. काला सबपे चलता है."

"काला तो एक जना मारके दे चुका," मी म्हटलं. "मेरे को गाडी के रंग का होना."

"डाले में कौन देखता, अम्मा?"

"ज्याले पाहाचं हाये तो पाहीन," मी लेकीकडे बघत म्हटलं. तिनं कपाळावर हात मारला.

पेन्टर बिचारा चांगला होता. म्हणाला, कोटिंगमध्ये रंग मिसळता येतो, पण गाडीच्या रंगाचा नमुना हवा. गाडी अजून वेल्डिंगवाल्याकडे होती. मी तिथून डिझेलच्या टाकीचं झाकण काढून घरी आणलं. आता, आमच्या घरातून कुठलीही वस्तू कोणाकडे जायची तर ती घासल्याशिवाय जात नाही. शेजारणीचा डबा परत द्यायचा तरी मी तो लख्ख करते आणि आत चार लाडू घालते. झाकणाची तीच गत केली. भांड्याची पावडर आणि काथ्या घेऊन बसले. पाणी हिरवंनिळं उतरत होतं. मला वाटलं, किती धूळ साचली होती बाई!

झाकण पेन्टरकडे ठेवलं तर परत येईल का, याची मला खात्री नव्हती. म्हणून ते पिशवीत घालून मी धरमपेठेतल्या मॅचिंगच्या दुकानात गेले. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, सगळं जिथं साडीशी जुळवून मिळतं, तिथं.

"मावशी, साडी दाखवा," दुकानदार म्हणाला.

मी काउंटरवर झाकण ठेवलं. त्यानं आधी झाकणाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"याच्यावर?"

"हो. यालेच ब्लाउज शिवाचं हाये."

शेजारी उभी असलेली एक बाई एवढी हसली, की तिनं हातातली पर्स सोडली. पण मग तीच माझ्याबरोबर रंग निवडायला लागली. दुकानदारानं रामाचे जेवढे तागे होते तेवढे काढले. ट्यूबलाइटखाली सगळे सारखेच दिसतात, म्हणून आम्ही दोघी ताग्यांची टोकं आणि झाकण घेऊन फुटपाथवर उन्हात उभ्या राहिलो. "हा निळ्यावर जातो." "हा पिवळा मारतो." "हा पाहा, हा! डोळे मिटून घ्या." तिला बिचारीला काय माहीत, आपण कशात हात घालतोय. तिनं विचारलं, "कोणाच्या लग्नाचं आहे का?" मी म्हटलं, "नाही वं बाई, दिराचं उट्टं काढाचं हाये." तिनं हातातलं ताग्याचं टोक सोडून दिलं आणि म्हणाली, "मग थोडा गडद घ्या."

झाकण मी वेल्डिंगवाल्याकडे पाठवून गाडीला परत बसवून घेतलं आणि तो कापडाचा तुकडा पेन्टरला नेऊन दिला. त्यानं पत्र्याच्या तुकड्यावर कोटिंग मारून दाखवलं. खरखरीत पृष्ठभागावर रंग जास्त काळपट दिसतो. मी नको म्हटलं. दुसरा मारला, तो मला औषधाच्या गोळीसारखा वाटला. तिसरा मी उन्हात धरला, सावलीत धरला, पाण्यात बुडवला, खुरप्यानं ओरखडून पाहिला.

"अम्मा, बहू भी ऐसेच ढूंढे क्या?"

"बहू नहीं, जमाई ढूंढना है अभी. वो इससे मुश्किल है."

लेक म्हणाली, "आई, बस झालं आता." पण तोपर्यंत जुळला होता. कापड पत्र्यावर ठेवलं तर कुठं कापड संपतं आणि कुठं पत्रा सुरू होतो, ते कळत नव्हतं.

मग लेक गाडी घेऊन आली. पेन्टर गाडीभोवती एक चक्कर मारून थांबला आणि टाकीच्या झाकणावर बोट ठेवून म्हणाला, "अम्मा, ये ढक्कन कौनसी गाडी का है?"

मी बघितलं. झाकण मोराच्या मानेसारखं गडद, आणि त्याच्याभोवतीची अख्खी गाडी उडालेली, विटकी, शंभरदा धुतलेल्या साडीसारखी. मी धूळ म्हणून घासून काढली ती धूळ नव्हती. उन्हानं मेलेल्या रंगाचा वरचा थर होता. आणि मी गाडीचा आजचा रंग नाही, ती घरी आली त्या दिवसाचा रंग जुळवून आणला होता.

"सफेद डालके हल्का कर देता हूं," पेन्टर म्हणाला. "नहीं तो अंदर नया, बाहर पुराना दिखेगा. लोग हसेंगे."

लेक म्हणाली, "नाही तर पूर्ण गाडीच रंगवून टाकू."

मी डाल्याच्या काठाला हात लावून उभी राहिले. पूर्ण गाडी रंगवली तर दीर म्हणणार, वहिनीनं गाडी झाकली. फिका मारला तर त्याला काहीच दिसणार नाही, बिघडलेली वस्तू दुरुस्त झाली एवढंच. पण हा गडद रंग त्यानं पाहिलेला होता. याच रंगात तो नवरदेवासारखा उभा होता, यावरच त्यानं हात फिरवला होता. आपण नेमकं काय खाल्लं, हे त्याला कळायला हवं होतं. हसणारे हसू देत.

"यही मारो," मी म्हटलं. "जैसा है वैसा."

अंबिया बहार, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा, तोडणीला आला. आमच्या घरात एक रीत आहे. पहिल्या तोड्याची पहिली टोपली घरातल्या मोठ्या माणसाच्या दारी जाते, आणि ती उतरल्याशिवाय गाडी मंडीकडे वळत नाही. हे गेल्यापासून ती टोपली दीर घेत होता. नात्यानं मोठी मी, पण टोपली त्याची. यंदाही ती त्याच्याच दारी न्यायची, असं मी ठरवलं.

तुळशीच्या लग्नाचा दिवस निवडला. त्याच्या अंगणात उसाचा मांडव बांधणं चालू होतं, गल्लीतली माणसं जमली होती, त्या दिवशीच्या ओसरीवरची तीच तोंडं. मी लेकीला सांगितलं होतं, उन्हं उतरायच्या आत पोचायचं. क्रेट नाही, कागद नाही, डाल्यात मोकळ्या संत्र्यांचा ढीग. लेकीनं गाडी मागं घेत घेत बरोबर अंगणाच्या तोंडाशी लावली आणि मागचा फळका पाडला.

ऊन सरळ आत पडलं. मग तो खोकणारा म्हातारा पुढं आला, डाल्यात वाकला आणि म्हणाला, "काय गा, हा त त्यावेळचा रंग होय! नवी होती तवाचा!"

दीर ओसरीवरून उतरला. हसत उतरला, पण जवळ येता येता हसू विझलं. त्यानं हात पुढं केला आणि मधेच थांबवला. मी ते बघितलं. तेवढ्यासाठीच आले होते.

"घ्या बाप्पा, सगळे घ्या," मी गल्लीला म्हटलं. पोरं, म्हातारे, बाया, ज्यानं ओंजळ पुढं केली त्याला दिलं. शेवटी मी पुढच्या सीटवरून टोपली काढली आणि दिराच्या हातात दिली. टोपलीतलं एकएक संत्रं मी आदल्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलं होतं. नीट, कोपरे आत दुमडून.

"तुमीच सांगतलं होतं ना, भाऊजी. मी आईकतो तुमचं."

तो टोपली धरून तसाच उभा. मागून माझी जाऊ, त्याचीच बायको, पदर तोंडाला लावून म्हणाली, "आता उघडा ना! सारे पाहून राहिले." आणि त्यानं उघडलं. सगळ्या गल्लीसमोर एक कागद सोडला, दुसरा सोडला. कागद अंगणभर उडाले. त्याला वाकून ते गोळा करावे लागले. मी मदत केली नाही.

लेक गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, थोडं जास्त नाही झालं?" मी म्हटलं, "नाही." आजही विचारलं तर हेच सांगेन. तिथून गाडी सरळ मंडीला गेली. बगीच्याच्या ठेक्याचं त्यानं पुन्हा तोंडातून काढलं नाही.

गाडीचं मात्र काढलं. महिन्याभरानं फोन आला, आवाज अगदी लोण्यासारखा. "वहिनी, चार दिवस गाडी पाहिजे होती."

"देली असती, भाऊजी," मी म्हटलं, "पण कोटिंग ओलं हाये."

संक्रांतीला आला. ओलंच होतं. पाडव्याला विचारलं, तेव्हाही हवेत ओलावा फार होता. परवा भर मे महिन्यात, नागपूरचं ऊन डोक्यावर असताना, त्यानं दारातच उभं राहून विचारलं, "वहिनी, वाळलं का हो?" मी त्याला माठातलं गार पाणी दिलं, पंखा लावला, खिडकीतून खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं आणि म्हटलं, "काय सांगू भाऊजी, हात लावला की अजून चिकटते."