पाव्हण्यांचा धोंडा

आमच्या गावात शिकारीचे नियम शिकारीपेक्षा जास्त जगले. शिकार आजोबांच्या काळातली. पुढं कायदा आला, ठासणीच्या बंदुका जमा झाल्या, आणि मी शाळेत जायला लागलो तोवर उरला होता तो नुसता हाका. नाचणीची कणसं भरायला लागली की रानडुकरं आणि गवे खाली उतरायचे. मग एके सकाळी सगळं गाव ओळ धरून, डबे बडवत, त्यांना खिंडीतून पलीकडच्या रानात घालवायचं. मारायचं कुणालाच नाही. पण पूर्वी खिंडीच्या तोंडाशी जिथं बंदूकवाला उभा राहायचा, तिथं उभं राहण्याचा मान आमच्या घराकडं होता. आबा, म्हणजे माझे वडील, तिथं हातात नुसती काठी घेऊन उभे राहायचे. गवा अगदी जवळून गेला तरी जागचे हलायचे नाहीत. त्या उभं राहण्याचा मला लहानपणी एवढा अभिमान होता की विचारू नका.

नियम पुष्कळ. रानात गव्याचं नाव घ्यायचं नाही, 'थोरला' म्हणायचं. वासाचं तेल लावून यायचं नाही. आणि सगळ्यांत कडक नियम बाहेरच्यांसाठी होता. आदली रात्र ज्यानं गावात काढली नाही, त्यानं हाक्यात उभं राहायचं नाही. रात्री कुठल्या अंगाला पाला वाजला, कुत्री कुणीकडं तोंड करून भुंकली, हे ज्यानं ऐकलं नाही तो ओळीत आला की ओळ मोडते, असं जुनी माणसं सांगायची. अशांसाठी खिंडीच्या अलीकडं एक सपाट धोंडा होता, पाव्हण्यांचा धोंडा. तिथं तोंड मिटून बसायचं आणि बघायचं. बदल्यात वाटा मात्र आधी पाव्हण्यांना, मग गावकऱ्यांना, कारण पाव्हण्यांना लांब जायचं असतं. शिकार गेल्यावर त्या वाट्यात मटणाऐवजी गूळभात आला, पण क्रम तोच राहिला.

माझे चुलते लोणंदच्या बाजारात हमाली करायचे. एका वर्षी रात्रभर प्रवास करून, शेवटची चढण पायी चढून, ते घरी न जाता थेट रानात आले. आबांनी सख्ख्या भावाला धोंडा दाखवला.

"आरं दादा, ह्या गावात जन्मलोय मी!"

"जन्मलास, खरं हाय. पण राती कुठं व्हतास?"

"गाडीत आन वाटंवर."

"मग बस तितं."

चुलते बसले. गूळभात सगळ्यांच्या आधी हाणला, पण पुढं कित्येक महिने आबांशी धड बोलले नाहीत. मला आबांचा भयंकर राग आला होता. एवढं काय आहे त्या नियमात, असं वाटलं होतं.

नंतर गावच उठलं. रान राखीव झालं आणि आम्हाला सांगली जिल्ह्यातल्या सपाट मुलखात वसाहत करून दिली. जमीन मिळाली, डांबरी रस्ता मिळाला, दारापुढं ऊस आला. मी कुपवाडला एका कारखान्यात लेथवर लागलो आणि तिथंच खोली केली. तक्रार करावी असं माझं काही नाही. तरी कुठं नाचणीची भाकरी भाजल्याचा वास आला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही.

आबांचं तर विचारूच नका. एका वर्षी वसाहतीशेजारच्या उसात डुकरं शिरली. तिथले मूळचे शेतकरी, त्यातले बरेचसे जैन, आबांकडं आले. "आवं, मारायचं न्हाई, नुसतं घालवायचं हाय. तुमी रानातली माणसं, जरा फुडं व्हा की."

"वळ तुमची तुमी धरा," आबा म्हणाले. "मी बाजूला बसतो." आणि खरोखरच बांधावरच्या एका दगडावर जाऊन बसले. सुट्टीला घरी आलेलो मी, लोकांसमोर लाजेनं अर्धा झालो.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "आबा, इतकी वरसं हितंच ऱ्हातोय. रोजची रात हितंच काढतोय. तुमच्याच नियमानं तुमी हितलं झाला."

"रात काढायची म्हंजी झोपायचं," आबा शांतपणे म्हणाले. "नुसतं पडून ऱ्हायल्यानं कोन गावचा हुत न्हाई. मला हितं झोप लागली न्हाई रं अजून."

भाकरी थापता थापता आई म्हणाली, "खरं हाय. कवा बी बघावं तर ह्यांचं डोळं उगडंच."

मला कुपवाडात पडल्या पडल्या झोप लागते. त्या दिवशी पहिल्यांदा त्या झोपेचं वाईट वाटलं.

वर्षातून एकदा, देवीच्या दिवशी, वनखातं आम्हाला जुन्या गावात जाऊ देतं. मावळतीच्या आत बाहेर पडायचं. आबांच्या गुडघ्यांनी मधली काही वर्षं दगा दिला होता, पण यंदा त्यांनी धोशाच लावला. "येकदा खिंडीत हुबा ऱ्हातो. मग काय का हुईना." दुसरं त्यांना काहीच नको होतं. मी गाडी ठरवली. कोयनानगर मागं पडलं तसे ते ड्रायव्हरला पुढचं प्रत्येक वळण आधी सांगायला लागले. तो बिचारा वैतागला, पण आबांचं एकही वळण चुकलं नाही.

गाव म्हणावं असं तिथं काही राहिलेलं नाही. देवीचं देऊळ, घरांची जोती आणि आमच्या दारातला फणस. आमच्या जोत्यावर गव्याचं ओलं शेण पडलं होतं. आबा ते बघून चक्क हसले. "थोरला ऱ्हातुय व्हय आता हितं!"

नैवेद्याला वेळ होता, म्हणून त्यांना धरून मी खिंडीकडं नेलं. धोंड्यापाशी आल्यावर ते थांबले. काठी बाजूला ठेवली आणि धोंड्यावर बसले.

"आबा, खिंड समोर हाय."

"दिसतीया."

"मग चला की. ह्याच्यासाठीच आलोय न्हवं?"

"राती कुठं व्हतो आपण?"

"हितं कुनालाच ऱ्हाऊ देत न्हाईत, आबा. आन कोन बघतंय? कुनासाठी पाळायचा आता त्यो नियम?"

आबांनी तळहातानं धोंडा चाचपला. "धाकट्याला मी ह्याच धोंड्यावर बसिवला," ते म्हणाले. "सख्खा भाव. त्यो गेला, आन मी आता फुडं जाऊ व्हय?"

त्यांना उचलून त्या खिंडीत नेऊन उभं करावं, असं मला फार वाटलं. ते जमणारं नव्हतं, म्हणून मी त्यांच्याशेजारी बसलो. धोंडा दोघांना पुरला.

देवळापुढं पंगत बसली. वसाहतीतले, कराडचे, पुण्याचे, मुंबईचे, सगळे आमचेच. वाढणाऱ्यानं गूळभाताचं पातेलं उचललं तेव्हा आबा मोठ्यानं म्हणाले, "पाव्हण्यांस्नी आधी!" जुनी माणसं हसली. एकेक पान वाढून झालं. "आता गावकरी," वाढणारा जुन्या सवयीनं म्हणाला आणि त्यानं पंगतीवर नजर टाकली. एकही पान रिकामं नव्हतं. पातेल्यात गावकऱ्यांचा भात तसाच उरला होता.

जेवण झाल्यावर आबा उठले, एका पानावर मूठभर भात घेतला आणि आमच्या जोत्यावर, त्या शेणाशेजारी, नेऊन ठेवला.

"राती हितं जो असतो, त्येचा," ते म्हणाले. मग माझा हात धरला. "चल. आपल्याला लांब जायचंय."