पुंगळीतला निशिगंध

प्रदर्शनातल्या एका चित्रासमोरून मला हलवेना. सैनिकाच्या धडावर डोक्याऐवजी दातेरी चाक होतं आणि चाकातून हिरवंगार गवत उगवलं होतं. युद्धात यंत्रांनी माणसं कापलेली पाहिल्यावर त्या चित्रकाराला साधं चित्र पुरेना, म्हणून त्याने स्वप्नात दिसतं तसंच रंगवलं. मी हरखून मामीला म्हटलं, "असं कुणाला सुचतं तरी कसं गं?"

"त्यात काय," मामी म्हणाली, "आपल्या घरी नाही का?"

आणि मला लख्ख दिसलं. तोफखान्यातून निवृत्त होताना मामाने तोफगोळ्याची रिकामी पितळी पुंगळी घरी आणली होती. लढाईबद्दल तो चकार शब्द काढत नाही. रोज सकाळी मात्र पुंगळी चिंचेने घासून लखलखीत करतो आणि तिच्यात निशिगंधाची ताजी काडी ठेवतो.