बांधी पायानं पाहायची असते

चिखलणीच्या आधी बांधीत पायानं फिरून यावं लागते. धानाच्या शेताले आम्ही बांधी म्हणतो. चारही बाजूनं धुरे, म्हणजे मातीचे बांध, अन् मधात गुडघाभर गढूळ पाणी. त्या पाण्याखाली काय आहे ते ट्रॅक्टरवर बसलेल्याले दिसत नाही. म्हणून आधी कोणीतरी अनवाणी उतरायचं अन् चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. आमच्यात हे काम माझी बायको करायची. भंडाऱ्याकडची पोट्टी, चिखलातच वाढलेली. ती पलीकडच्या धुऱ्यावर चढून हात वर करायची, तेव्हाच मी गिअर टाकायचो.

बारा वर्षं असंच चाललं. माझा बाप रेल्वेत होता, त्याच्या नोकरीपायी आम्ही इकडं हिंदी मुलखात आलो. मी मॅट्रिकले दोनदा आपटलो अन् दाऊच्या शेतावर ट्रॅक्टर चालवाले लागलो. दाऊ म्हणजे आमचे मालक. रेल्वेवाल्याचा पोट्टा चिखलात गेला म्हणून नातेवाईक हसले. हसा म्हणलं. एकदा त्या सीटवर बसलो की मी कोणाच्या बापाचं ऐकत नव्हतो.

मग राज्य नवीन झालं, राजधानीही नवीन पाहिजे म्हणून सरकारी लोकं शहराबाहेर, तेलीबांध्याच्या पुढली शेतं मोजून राहिले होते. दाऊची जमीन अजून त्यांच्याच हातात होती, पण ट्रॅक्टर विका म्हणून त्यांचा मुलगा मागं लागला होता. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या तोंडावर दाऊनं मले बोलावलं. "देखो भैया, ये रोपा बिना झंझट के निपट गया तो ट्रॅक्टर रहेगा, तुम भी रहोगे. नहीं तो मैं लड़के की मान लूँगा."

"हव दाऊ," म्हणलं. मले दुसरं काही येतच नव्हतं.

चिखलणीच्या पहिल्या सकाळीच घरात वाजलं. बायको म्हणाली, "भाऊ म्हणून राहिला बीरगांवले या, कारखान्यात लावून देतो. काहून चिकटून बसले तुम्ही या लोखंडाले?" मी म्हणलं, तुझ्या भावाच्या दारात हात जोडून उभा राहू काय? ताटावरून उठलो अन् निघालो. ती माझ्या मागं मागं शेतावर आली.

बांधीजवळ तिनं लुगडं खोचलं, एक पाय पाण्यात टाकला. रोवणीच्या बाया पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या पेंड्या घेऊन धुऱ्यावर बसल्या होत्या, सगळ्या पाहून राहिल्या होत्या. मी सीटवरूनच म्हणलं, "राहू दे. बारा वर्षं झाली. माझी बांधी मले माहीत आहे."

तिनं पाय मागं घेतला. मी लोखंडी चाकं पाण्यात उतरवली. दुसऱ्या फेऱ्याले पाहतो तं ती धुऱ्यावरून काहीतरी बोलून राहिली होती, हातवारे करून. मले वाटलं, बीरगांवचंच असंन. चार बायांसमोर आता हेही ऐकू काय? मी रेस वाढवली.

तिसऱ्या फेऱ्याले उजवं चाक खाली गेलं. गेलं ते गेलंच. उन्हाळ्यात नव्या राजधानीसाठी माती तपासणाऱ्यांनी तिथं खोल खड्डा खोदला होता अन् भुसभुशीत मातीनं बुजवून टाकला होता. शहाण्या माणसानं तिथंच इंजिन बंद केलं असतं. मी शहाणा नव्हतो. चाक वर चढावं म्हणून मागच्या चाकांले आडवं लाकूड बांधलं अन् दिली रेस. पुढचा भाग वर उठला, बाया किंचाळल्या, अन् ट्रॅक्टर एका अंगानं खड्ड्यात बसला. इंजिनात चिखलाचं पाणी गेलं.

दुपारभर मी छातीभर चिखलात फावड्यानं माती काढून राहिलो. जितकी काढो तितकी परत येई. उपटलेले पऱ्हे धुऱ्यावर पिवळे पडाले लागले. मी ट्रॅक्टरच्या चाकाले डोकं टेकवून रडलो, खोटं काहून बोलू? शेवटी दाऊनं नव्या रस्त्याच्या कामावरची माती खोदाची पिवळी मशीन बोलावली. तिनं साखळीनं ओढलं तेव्हा आत काहीतरी कडकन मोडलं. दाऊ ओरडले असते तं बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात पुढं केला अन् म्हणाले, "चाबी दे दो."

घरी आलो. बायको पाणी घेऊन दारात उभी होती. पाय धुता धुता मी सहज म्हणलं, "कोणाले माहीत होतं तिथं खड्डा आहे म्हणून."

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "शेण वेचाले गेली होती तेव्हा खोदून राहिले होते ते. चिखलणीच्या वेळेस तिथं उभी राहून दाखवीन, असं ठरवलं होतं. त्यासाठीच तं पाय टाकला होता."

"मग ओरडली काहून नाही?"

"ओरडली न. तुम्ही माझ्याकडं पाहिलं अन् रेस वाढवली."

आता आम्ही बीरगांवले राहतो, तिच्या भावाच्या मागच्या खोलीत. कारखान्यात बारा तास आवाजात उभा राहतो. घरी ती काही बोलाले लागली की मी पंखासुद्धा बंद करतो. पण आता ती फारसं बोलत नाही.