हजेरीतलं चौदावं नाव

युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा इथे एडिनबरात आम्ही नवराबायको रोज टीव्हीसमोर बसून हळहळत होतो. शेवटी बायकोच वैतागली. "वरची रूम रिकामीच आहे ना? मग निर्वासितांना घरी ठेवून घ्यायच्या स्कीमला अप्लाय करू या की!" मी बरीच कुरकुर केली. परक्या माणसाशी सकाळी सकाळी बोलावं लागणार, ही माझी मुख्य हरकत. एप्रिलमध्ये खारकीव्हच्या एका शाळेतल्या बाई एक बॅग आणि एक लॅपटॉप घेऊन आमच्याकडे राहायला आल्या.

मला वाटलं होतं, बिचाऱ्या आठ दिवस नुसत्या झोपतील. तिसऱ्याच दिवशी सकाळी सातला त्या इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलाशी बसल्या होत्या आणि लॅपटॉपवर त्यांचा वर्ग भरला होता. कुणी पोलंडमध्ये, कुणी जर्मनीत, काही मुलं अजून तिथेच, तळघरात.

मी डब्यासाठी नेहमीसारखा कुकर लावला होता. पहिली शिट्टी झाली आणि पडद्यावरच्या तीन-चार खुर्च्या एकदम रिकाम्या दिसल्या. मुलं टेबलाखाली गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र शांतपणे उठल्या, लॅपटॉप उचलून ओट्यापाशी आल्या आणि त्यांनी मुलांना कुकर दाखवला. शिट्टी कशी उडते ते दाखवलं, वाफ जिरल्यावर आतला भातही दाखवला. एकेक डोकं वर आलं, मग सगळी हसायला लागली. मी त्यांच्या जागी असतो तर आधी कुकरवाल्यावर तोंडसुख घेतलं असतं. ते काम बायकोने केलं. "अरे, सायरन ऐकून आलेली मुलं आहेत ती! क्लास संपेपर्यंत कुकर टोटली बंद."

तेव्हापासून मी पातेल्यात भात करू लागलो आणि वर्ग माझ्या कानावर पडू लागला. आधी हजेरी व्हायची. नाव घेतलं की मूल "तुत" म्हणायचं, म्हणजे इथे आहे. चौदाव्या नावाला उत्तर यायचं नाही. युद्धाच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्या मुलीचा आणि तिच्या घरच्यांचा काही ठावठिकाणा नव्हता, फोन लागत नव्हता. बाई तरीही रोज तिचं नाव घ्यायच्या, हात मांडीवर ठेवून पूर्ण एक मिनिट थांबायच्या आणि मगच पुढे जायच्या.

मी जात्याच उतावळा. मला ते मिनिट सोसायचं नाही. एकदा मी म्हणालोच, "रोज कशाला खपली काढता? तेवढं नाव गाळा की."

"ती उद्या आली आणि मी तिचं नाव घेतलंच नाही तर?" बाई म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. एवढा धीर या बाईंच्या अंगी कुठून येत होता, मला खरंच कळत नसे.

मे महिन्यात इथे राहण्याच्या परमिटच्या कामासाठी त्यांना सकाळच्या ट्रेनने ग्लासगोला जावं लागलं. धडा दुसऱ्या शिक्षिका घेणार होत्या, पण त्यांना थोडा उशीर होणार होता. "फक्त हजेरी घ्याल?" असं विचारून बाईंनी इंग्रजी अक्षरांत लिहिलेली यादी माझ्या हातात दिली. मी कधी नव्हे तो शर्टाला इस्त्री केली.

माझे उच्चार ऐकून मुलं खिदळत होती. हसतखेळत आम्ही तेराव्या नावापर्यंत आलो. चौदावं नाव मी घेतलं आणि, खोटं कशाला सांगू, घाबरून लगेच पंधरावं घेतलं. पंधरावी मुलगी समोर दिसत होती, दोन वेण्या, मागे तळघराची उघडी भिंत. ती बोलली नाही. मी पुन्हा तिचं नाव घेतलं. तिने नकारार्थी मान हलवली. बाकीची मुलंही हसायची थांबली होती. आधी मला वाटलं आवाज गेला. मग काय ते उमगलं आणि माझे कान तापले.

मी चौदावं नाव परत घेतलं आणि थांबलो. सगळा वर्ग माझ्याबरोबर थांबला. मिनिट सरलं, उत्तर आलं नाही.

मग पंधरावी मुलगी आपणहून म्हणाली, "तुत."